डोक्यावरची शपथ

आमच्याकडं शपथ म्हणजे चेष्टा न्हाई. तुमी शहरातली माणसं आईशप्पथ म्हणता आन चहा प्यायला लागता. आमच्यात ज्याच्या डोक्यावर हात ठेवून बोललं, त्याच्या जिवावर ते बोलणं बसतं. बोलणारा फिरला तर त्याला काय व्हत न्हाई, ज्याचं डोकं त्याला भोगावं लागतं. म्हणून हात ठेवायचाच झाला तर माणूस आपल्या पोटच्या पोरावर ठेवतो. मंग समोरच्याला कळतं का ह्याला फिरायचं न्हाई. आन मागनं ती शपथ उतरवायची झाली तर ज्यानं घेतली त्यानंच तोंडानं 'सुटली' म्हणायचं. बारकी पोरं खेळताना बी एकमेकांकडनं 'सुटली' म्हणून घेतात. हे मी आधीच सांगून ठेवते, न्हाईतर मागनं म्हणाल म्हातारी खुळी हाय.

म्हातारी खुळी न्हाई. लंकाबाई म्हणतात मला. शिनोलीच्या वरच्या अंगाला आमची वाडी. भात आन नाचणी घरच्यापुरती पिकते, बाकीचं बाहेरनं कमवायचं. माझा ल्योक ज्ञानेश्वर शेततळ्याच्या कागदाचं काम करतो. तळ्याचा खड्डा खणून झाला का त्यात जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरायचा, त्याच्या पट्ट्या गरम मशीननं एकमेकीला जोडायच्या, म्हणजे पाणी मुरत न्हाई. इकडं आंबेगावात आन तिकडं जुन्नरात जिकडं बगावं तिकडं तळी झाली, आन ती जोडणारी ही ठरलेली पोरं. भर उन्हात त्या काळ्या कागदावर उभं राहून बगा एकदा. चपलीसकट पाय भाजतो.

आधी ही पोरं कागदाच्या कंपनीत कामाला व्हती. मंग एक दिवस कंपनीनं सांगितलं, आजपासनं तुमी कामगार न्हाई, तुमी कंत्राटदार. ज्ञानूनं कार्ड छापलं. वर गणपती, खाली नाव, नावाखाली 'प्रोप्रायटर'. मला म्हणला, आये, मी मालक झालो. मी म्हणले, मालका, आधी पाय धू आन मंग घरात ये. नाव सोनूबाई आन हाती कथलाचा वाळा, दुसरं काय. काम तेच, ऊन तेच, फकस्त कुणाचा हात भाजला तर दवाखान्याचं कंपनी बगायची, ते बंद झालं. मालकाचं दवाखान्याचं कोण देणार?

त्यावर आन कराचा नियम बदलला. मला त्यातलं जेवढं समजलं तेवढं सांगते. जो कोण आपल्या नावावर कंत्राट घेतो त्यानं सरकारचा नंबर काढायचा, दर महिन्याला कॉम्प्युटरवर हिशोब भरायचा, महिना चुकला तर दंड. नंबर न्हाई काढला तर बिलातनं मोठा वाटा आधीच कापायचा. आन अनुदानाच्या तळ्यावर बिननंबराच्या माणसाला उभंच करायचं न्हाई. पोरं लई चिडली. आमी काय पेढीवाले हाय का, आमाला कुठला कर, म्हणायला लागली. चिडायचंच व्हतं. पण नेमकी त्याच टायमाला इलेक्शन आली, आन चिडलेल्या माणसाला गोड बोलणारा लगेच गावतो.

सावळारामदादा आमदारकीला उभे व्हते. माझी लेक वैजयंती ओतूरला दिलेली हाय, तिच्याकडं मी नातीला घेऊन राहायला गेले व्हते. नात म्हणजे हर्षाली, ज्ञानूची एकुलती पोर, तवा पहिलीत व्हती. ओतूरच्या एसटी स्टँडमागं एका कार्यालयात दादांनी कागदवाल्या पोरांची सभा ठेवलेली. ज्ञानू आन सूनबाई येणार म्हणून आमी बी गेलो. सभेनंतर जेवण व्हतं, खोटं कशाला बोलू.

दादा बोलले गोड. तुमी स्वतःच्या घामावर उभी राहिलेली माणसं, तुमच्या घामावर कर लावणाऱ्याला लाज वाटली पायजे, मी निवडून आलो का येत्या बजेटात हा नियम रद्द, असं समदं. टाळ्या झाल्या. टाळ्या संपल्यावर हौशीरामबाबा उठले. हे निमगाव सावाचे, कागदवाल्यांत वयानं समद्यांत मोठे. पोरांची लग्नं, भांडणं, वाटण्या त्यांच्या शब्दानं व्हतात. ते म्हणले, दादा, भाषण आमी मागच्याचं बी ऐकलं. बोलाचीच कढी आन बोलाचाच भात. तुमी शपथ घ्या.

दादा हसत हसत स्टेजवरनं खाली उतरले. त्यांचा पोरगा मोहित त्यांच्या मागंच उभा व्हता, गोरागोमटा, मोबाइलमधी तोंड घातलेला. दादांनी नुसता हात मागं केला असता तरी त्याच्या डोक्यावर पडला असता. मी बगत व्हते. हात उठला, मोहितच्या अंगाला जरासा वळला, आन तसाच हवेतनं फिरून पुढं आला. पुढं कोण, तर पेढ्याच्या बॉक्साकडं टक लावून उभी राहिलेली आमची हर्षाली. तिच्या डोक्यावर हात ठेवून दादा माईकमधी बोलले, "या लेकीची शपथ घेऊन सांगतो. वर्षाच्या आत तुमचा नियम गेला नाही, तर सावळारामाच्या तोंडात शेण घाला."

शिट्ट्या झाल्या, टाळ्या झाल्या. शेण त्याच्या तोंडात आन जीव आमच्या पोरीचा. मी माणसं ढकलत पुढं गेले आन तिला ओढून घेतलं. तिच्या हातात पेढा आलेला, ती खुशीत. ज्ञानू बी खुशीत. मी त्याला म्हणले, अरे मुडद्या, त्यानं आपलं पोर सोडून तुझ्या पोरीवर हात ठेवला, दिसलं न्हाई का तुला? आपला तो बाब्या आन दुसऱ्याचं ते कार्टं. तो म्हणला, आये, एवढ्या लोकांत आपलीच पोर दिसली त्यांना, त्याला नशीब लागतं. रत्ना, माझी सून, ती हसली. म्हणली, आत्या, तुमचं काय बी असतं.

दादा निवडून आले. गुलाल आमच्या वाडीपर्यंत आला.

आता जो मूर्खपणा झाला तो ऐका, कारण तो दुसऱ्या कुणाला सुचायचा न्हाई. रत्नाच्या भावानं ज्ञानूला सांगितलं का दाजी, पुढारी काय बी बोलू द्या, तुमी नंबर काढून ठेवा. ज्ञानू निघाला बी व्हता घोडेगावला. वाटेत हौशीरामबाबांचा फोन. त्यांनी पोरांची बैठक घेतली आन सांगितलं, कुणी नंबर काढायचा न्हाई. नंबर काढला म्हणजे आपण शपथ खोटी धरली. घेणाऱ्यानं मोडली काय आन ऐकणाऱ्यानं खोटी धरली काय, भोग त्या लेकराला. समद्यांना ते पटलं. ज्ञानूला तर इतकं पटलं का तो घोडेगावच्या फाट्यावरनं माघारी आला. मला म्हणला, पोरीसाठी एवढं करायला नको का?

मी काय बोलणार? मला बी वाटलं, काढू नये. हेच मला आज खातं. मी त्या पुढाऱ्यावर चिडलेली, पण शपथ मला बी खरीच वाटत व्हती, मंग मी त्याला कोणत्या तोंडानं जा म्हणू?

म्हणून काय झालं, तर बिलं कापून यायला लागली आन अनुदानाची तळी हातची गेली. कंपनीचा माणूस म्हणायचा, नंबर काढा. ही पोरं म्हणायची, नियम जाणार हाय, शपथ झालीय. तो हसायचा आन परजिल्ह्यातनं नंबरवाली माणसं आणायचा. पोरं हाताची घडी घालून बसली, आन बसल्या बसल्या त्यांचं समद्यांचं ध्यान आमच्या हर्षालीकडं लागलं.

आधी मला चांगलं वाटलं, खरं सांगते. कुणी शिनोलीला आलं का वर वाडीपर्यंत यायचं. पोर कशी हाय, इचारायचं. क्रीमची बिस्किटं आणायचं. पप्पू म्हणून एक लांबच्या गावचा कागदवाला पोरगा, तो मोटारसायकलवर फकस्त तिला बगायला यायचा, बगायचा आन जायचा. अंधार पडायच्या आत घरात घ्या, खाली उसात बिबट्या फिरतोय, असं सांगायचा. मी म्हणायचे, बाबा, आमी काय काल जन्मलो का? पण हळूहळू माझ्या ध्यानात आलं. ते तिला बगत नव्हते. आपण पावसासाठी ढगाकडं बगतो, तसं चाललेलं. तिला सर्दी झाली तर हौशीरामबाबांचा फोन, काय झालं, कवापासनं, ताप हाय का. मंग म्हणायचे, वर कायतरी फिसकटलं असणार. ती शाळेत पळताना पडली, गुडघा फुटला, तर संध्याकाळपर्यंत दोन्ही तालुक्यांत झालं का दादा ढिले पडलेत. आन ती आठवडाभर खेळली, हसली, गुटगुटीत दिसली, का ह्यांचे चेहरे फुलले. म्हणायचे, काम चालू हाय वाटतं तिकडं.

पोरीला समजत व्हतं. सात वरसाचं लेकरू, पण ते बी बगत व्हतं का आपण खोकलो का मोठी माणसं गप व्हतात. ती तोंडावर हात दाबून खोकायला लागली. रत्नाचं हसू तवा गेलं. रात्रीचं पोरीच्या नाकापाशी बोट धरून बगायची, श्वास चाललाय का.

बजेटच्या दिवशी समदे आमच्याच घरी. मी म्हणले, निमगावला टीव्ही न्हाईत का? पण त्यांना टीव्ही बगायचा नव्हता, पोरीसमोर बसून टीव्ही बगायचा व्हता. तिला शाळेत जाऊ दिलं न्हाई, ज्ञानूनंच ठेवली. मधी सतरंजीवर बसवली. टीव्हीवर भाषण चाललेलं, हिंदी काय, इंग्रजी काय, मला एक अक्षर कळलं न्हाई, आन त्यांना किती कळलं देव जाणे. खाली पट्टी पळायची ती पप्पू वाचून दाखवायचा. गाड्या, सोनं, मोबाइल, अमकं, तमकं. आमचं काय येईना. चहा गार झाला. भाषण संपलं, टीव्हीवर कोट घातलेली माणसं भांडायला लागली, तरी कुणी उठेना.

आन हर्षालीच्या नाकातनं रक्त आलं. घोळणा फुटला. लेकरांचा फुटतो, थंडीनं नाक कोरडं पडतं, बोट घालतात. मी कांदा फोडला, तिच्या नाकाला धरला, मान वर करून बसवली. फ्रॉक लाल झाला. मी मदतीला म्हणून वर बगितलं तर एक बी माणूस जागचा हलला नव्हता. समदे तिच्याकडं बगत बसलेले. घाबरले व्हते, हो, पण नुसते घाबरलेले नव्हते. हौशीरामबाबांनी हात जोडले आन म्हणले, "लागू हाय. शपथ लागू हाय."

मी त्या दिवशी ठरवलं, ह्या माणसांच्या नादाला लागले तर पोर जाईल. शपथ उतरवायची. त्याच्या तोंडून 'सुटली' म्हणून घ्यायचं, मंग नियम जाऊ दे न्हाईतर राहू दे. कुणाला बोलले न्हाई. वैजयंतीकडं जाते म्हणून सांगितलं आन जुन्नरच्या एसटीत बसले.

दादांचा बंगला रस्त्याला लागूनच. बाहेर मंडप, मंडपात खुर्च्या, खुर्च्यांत माझ्यासारखी माणसं. दुपार उलटून गेली तवा मला आत सोडलं. दादा जेवून आलेले, दात कोरत व्हते. मी पाया पडले. म्हातारी मी, पण पडले, गरज माझी व्हती. सांगितलं, ओतूरची सभा, कागदवाली पोरं, पोरीच्या डोक्यावरची शपथ. त्यांना आठवेना. खरंच आठवत नव्हतं, नाटक नव्हतं ते. शेवटी म्हणले, हां हां, शेततळ्यावाले. आजी, ते काम दिल्लीचं आहे, माझ्या हातात काय असतं?

मी म्हणले, दादा, हे तुमाला तवा ठाव व्हतं का?

ते हसले. म्हणले, इलेक्शनात बोलावं लागतं, आजी.

माझ्या तोंडात लई शिव्या आल्या. एकेक अशी व्हती का त्यांच्या दाताची काडी गळून पडली असती. पण मी त्या गिळल्या, कारण मला त्यांच्या तोंडातनं एक शब्द पायजे व्हता. मी हात जोडून म्हणले, "तुमाला जमणार नसंल तर नसंल. पण माझ्या नातीवरची शपथ उतरवा. सुटली म्हणा."

"एवढंच ना? सुटली, सुटली. जा आता, एसटी चुकेल."

एवढंच ना, म्हणला. आमचं घर तीन महिने लेकराच्या नाकापाशी बोट धरून जागं, आन ह्याला तो शब्द थुंकीसारखा सोपा. पण म्हणला तर म्हणला. मी बाहेर आले तवा माझे पाय हलके झालेले. घोडेगावला उतरून पोरीला केळी घेतली. वाट चढताना मी देवाचं नाव घेत व्हते आन रडत बी व्हते.

घरी ज्ञानू ओट्यावर बसलेला. मी त्याला सांगितलं. मला वाटलं, तो पाया पडंल. न्हाईतर निदान हुश्श म्हणंल. तो उठून उभा राहिला आन म्हणला, "आये, तू काय करून बसलीस?"

मी म्हणले, तुझी पोर सोडवली.

तो म्हणला, आमच्या हातात तेवढंच व्हतं. बिलं गेली, तळी गेली, त्या माणसावर आमचा एकच दावा राहिला व्हता, तो तू फुकट सोडून आलीस. मी म्हणले, अरे त्यानं मला तोंडावर सांगितलं, त्याच्या हातात काय न्हाई, तवा बी नव्हतं. तो म्हणला, त्याच्या हातात नसंल, शपथेच्या हातात व्हतं ना? घोळणा फुटला तो तू डोळ्यांनी बगितलास. लागू पडलेली शपथ कुणी सोडवतं का? रत्ना दारात उभी व्हती. मला वाटलं ती माझ्या बाजूनं बोलंल. ती आत गेली.

हौशीरामबाबा दुसऱ्या दिवशी आले. भांडले न्हाईत. ओट्यावर बसून नुसतं मातीवर बोट फिरवत राहिले. जाताना म्हणले, लंकाबाई, तुमी आजी म्हणून बरोबर केलं. पण आमचं काय?

मंग नंबर काढायला पळाले समदे. कॉम्प्युटरवाल्यानं मागचे समदे महिने काढले आन मागचा दंड दाखवला. कंपनीनं सांगितलं, आता गरज न्हाई, माणसं मिळालीत. पप्पू चाकणला गेला, तिथं बी कंत्राटीच. पावसाळ्यात कागदाचं काम बंदच असतं, पण पावसाळा उलटला तरी ज्ञानूची मशीन पोत्यात बांधलेलीच राहिली. रत्ना टोमॅटो तोडायला जायला लागली. एक मात्र झालं, हर्षालीला कुणी बगायला येईना. बिस्किटं बंद झाली. ती इचारायची, आजी, पप्पूकाका का येत न्हाई? मी म्हणायचे, बरं हाय न्हाई येत ते. पोर मोकळी खोकायला लागली, चिंचेवर चढायला लागली, मला भरून पावलं. दोन घास कमी खाऊ, पण ह्या लेकरावर कुणाची नजर नको.

भात निघालं आन झेडपीची इलेक्शन लागली.

त्या दिवशी सकाळी मी खाचरातनं गवताचा भारा घेऊन आले तर रत्ना ओट्यावर पोरीची येणी घालत बसलेली. लाल रिबिनी. अंगात नवा फ्रॉक. ज्या घरात तेल मोजून चाललेलं त्या घरात नवा फ्रॉक आला कुठनं? मी इचारलं, कुणाचं लगीन हाय का? रत्नानं मान वर केली न्हाई. पोरच बोलली. म्हणली, आजी, शिनोलीच्या चौकात दादा प्रचाराला येणार हायेत. मी पुढं उभं राहायचं. मान खाली धरायची आन हलायचं न्हाई.

माझ्या डोक्यावरनं भारा खाली पडला.

ज्ञानू गाडी पुसत व्हता. मी त्याला म्हणले, तू बाप हायस का कोण हायस? तो म्हणला, तू सोडवलीस, आता दुसरी बांधावी लागंल. ह्या खेपेला आमी पक्की घेणार, तारीख घालून घेणार. मी म्हणले, अरे, तो मुडदा खोटा हाय, मी तोंडावर ऐकून आले. तो शांतपणे म्हणला, "खोटा हाय म्हणूनच पोर पायजे, आये. खऱ्या माणसाला शपथ कशाला लागती?"

तवर खालनं माणसं आली. हौशीरामबाबा पुढं, मागं समदी कागदवाली. चांगले कपडे घालून आलेली, टिळे लावून. मी अंगणाच्या तोंडाला वाटेत उभी राहिले. हौशीरामबाबांचे डोळे भरलेले व्हते, ते नाटकी माणूस न्हाईत. ते माझ्या पाया पडायला वाकले. म्हणले, लंकाबाई, आमाला बी लेकरं हाईत, आमाला का कळत न्हाई? पण हिच्यावर एकदा लागू पडलेली हाय.

मी म्हणले, "तुमचा नातू हाय की, शौर्य. त्याला आणा. त्याच्या डोक्यावर ठेवायला सांगा, मी स्वतः टाळ्या वाजवते."

हौशीरामबाबा मागं सरले. मी एकेकाकडं बगितलं. तुझी दोन हाईत ना रे? तुझं तर नुकतं पायावर उभं राहिलंय. समदे खाली बगायला लागले. जी माणसं तळ्याच्या उतारावर एकमेकांच्या दोरीला लटकतात, जीव एकमेकांच्या हातात देतात, त्यांतला एक जण म्हणला न्हाई का माझं नेतो. मला वाटलं, आता ज्ञानू बगंल. त्याच्या डोळ्यांदेखत झालेलं हाय, आता तरी त्याला कळंल.

त्यानं बगितलं. बगितलं आन गाडीला किक मारली. हर्षालीला उचलून पुढं टाकीवर बसवलं, रत्ना मागं बसली. तिनं पोरीच्या गालाला काजळाचा ठिपका लावलेला, दृष्ट लागू नये म्हणून. मी वाटेतनं हलले न्हाई. म्हणले, माझ्या अंगावरनं ने. ज्ञानूनं माझ्याकडं न बगता गाडी वळवली आन बांधावरनं खाली खाचरात घातली, कापलेल्या भाताच्या धसकटातनं दणके खात गाडी पलीकडच्या वाटेला लागली. माणसं तिच्या मागं चालत निघाली.

मी बांधावरनं हाक मारली. हर्षाली, मागं बग. एरवी कुठं बी जाताना ती वळून हात हलवते, वळण जाईपर्यंत हलवते. आज तिनं मान खाली धरलेली व्हती. मी परत हाक मारली. तिला ऐकू गेलं असणार, पण तिला सांगून ठेवलं व्हतं, हलायचं न्हाई.